नमुना क्रमांक सत्तेचाळीस

दसऱ्याच्या आधीच अल्बम झटकून काउंटरवर ठेवते मी.
पाठ उसवलेली, कोपरे हाताळून मऊ पडलेले,
आत एकशे बारा नमुने, प्रत्येकाला नंबर,
कित्येकांवर पेन्सिलीनं ‘माल नाही’.

भद्रकालीत बोळाच्या तोंडाशी दुकान.
खाली ऑफसेट, माळ्यावर कटिंग,
दाराशी वाळत पडलेली पत्रकं:
पेठ रोडच्या स्कॉलरशिप क्लासची, पिवळी;
मखमलाबादच्या मिसळीची पांढरी, कारण पिवळ्यावर तर्री दिसेना;
आणि हरवलेल्या पोपटाचं पोस्टर, पंचवीस प्रती.
बाई म्हणाल्या, फोटो नको, तो स्वतःचं नाव सांगतो.

मग त्र्यंबक गोडांबे आले, भांडी बाजारातले.
तीस वर्षांचं गिऱ्हाईक.
दरवर्षी तोच मजकूर, दीपावली व नूतन वर्ष,
खाली ‘गोडांबे बंधू, तांब्या-पितळेचे व्यापारी’.
अंगठ्याला थुंकी लावत पानं उलटत राहिले,
सत्तेचाळीसवर थांबले.
मोतिया कागद, मधोमध एकच सोनेरी दिवा, बाकी कोरं.
“हेच. अडीचशे. ‘बंधू’ काढा, वरच्या ओळीत माझं नाव टाका.”

मी विचारलं नाही.
माझे वडील नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये मोजणीला होते.
अडतीस वर्षं.
आज काय छापलं विचारलं, की म्हणायचे, कागद.

‘बंधू’ काढलं की ‘गोडांबे’ डावीकडे लंगडतं.
स्क्रीनवर ते ओढून मध्ये आणावं लागतं,
दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून.
पाच मिनिटांचं काम. त्याचे पैसे लावत नाही मी.

चौथ्या दिवशी श्रीरंग. धाकटे.
कॉलेज रोडला नवं शोरूम, गाडी बोळातच उभी, मागून हॉर्न.
“ताई, काहीतरी मॉडर्न द्या.”
मी मुद्दाम शेवटून सुरुवात केली:
घडीचं, खिडकीचं, आकाशकंदिलाच्या आकारात कापलेलं.
त्यांनी अल्बम माझ्या हातातून घेतला,
अंगठ्याला थुंकी लावली,
आणि

‘तो संपलाय’ असं अगदी ओठांवर आलं होतं.
पेन्सिल कानामागेच होती.
पण कागद एक, दिव्याचा ब्लॉक एक, दिवाळी पंधरा दिवसांवर,
मी म्हटलं, “किती?”
“अडीचशे.”

पाकिटांसाठी दोघांच्या याद्या आल्या.
शेजारी शेजारी ठेवल्या मी, ठेवायला नको होत्या.
सिन्नरची आत्या, येवल्याचे व्याही, बँकेचे साहेब,
त्याच क्रमानं, त्याच चुकांसकट.
लासलगावच्या पिनकोडमध्ये एक आकडा कमी, इथंही, तिथंही.
तो मी दोन्हीकडे भरला.
शेवटची ओळ फक्त वेगळी:
थोरल्यांच्या यादीत तिथं नुसता आकडा, पुढे काही नाही.
धाकट्यांच्या यादीत भांडी बाजार, घर नंबर, सगळं,
आणि त्यावर आडवी रेघ.

रात्री मुश्ताकभाईंनी मशीन लावलं.
दिवे आधीच चढवलेले, पाचशेला एकदम.
पहिल्यांदा थोरल्यांचं नाव. मग प्लेट बदलून धाकट्यांचं.
जुळणीला चांगला कागद कोण घालवतं?
आधीच्या कामाचं वेस्टच पुन्हा फिरवायचं,
शाई सारखी येईपर्यंत, ओळ सरळ बसेपर्यंत.
म्हणून दहा-बारा कार्डं अशी निघाली
की त्र्यंबकवर श्रीरंग,
वेलांट्या, रफार, अनुस्वार एकमेकांत अडकलेले,
वाचताच येत नाही.
खाली ‘गोडांबे’ मात्र दोनदा बसल्यानं ठळक.

मुश्ताकभाईंनी एक ट्यूबलाइटखाली धरलं.
म्हणाले, “रजिस्टर बरोबर आलंय.”

वडिलांच्या प्रेसमध्ये वेस्टसुद्धा मोजून जाळायचे.
आमच्याकडे त्याच्या चिठ्ठ्या होतात.
मी एक उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं:
गोडांबे, कार्डं पाचशे, पाकिटं पाचशे,
ब्लॉक एकच, खर्च दोघांत निम्मा.
पोपटाच्या बाईंकडून ऐंशी येणे.
पोपट सापडला.